कापलेल्या सह्यांचा डबा

तीस वर्षं मी चेन्नईच्या हायकोर्टासमोरच्या एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होते. त्यामुळे कुणी दारात उभं राहिलं की मी आधी त्याच्या हातातली पिशवी बघते आणि मग तोंड. पिशवीत कागद असले तर तोंड कितीही गोड असो, मी दार अर्धंच उघडते. माझी सून कोल्हापूरची. ती म्हणते, "आई, तुम्हाला देव जरी भेटला तरी तुम्ही त्याचं ओळखपत्र मागाल." मागीनच. देवाच्या नावावर किती जमिनींचे दावे टाईप केलेत मी!

तर गेल्या मार्गशीर्षात ही सून एका इंग्रज म्हाताऱ्याला घरी घेऊन आली आणि त्याच्या हातात पिशवी होती.

हा म्हातारा सुनेच्या ऑफिसातल्या एका बाईचा बाप. पेरुंगुडीला दोघींचं ऑफिस एकच. बायको गेल्यावर एकटा राहवेना म्हणून लेकीकडे येऊन राहिलेला, वय ब्याऐंशी. जन्मभर कॉमिक्स काढली, म्हणजे चित्रं काढली. त्या बाईच्या घरी हे ऐकून सून तिथल्या तिथे बोलून मोकळी झाली, की आमच्या घरी आमचे आजोबा आहेत, त्यांनी जन्मभर इंग्लंडची कॉमिक्स तमिळमध्ये आणली. झालं! म्हातारा म्हणे खुर्चीतून उठूनच उभा राहिला. दुसऱ्याच रविवारी आमच्या पश्चिम मांबलमच्या तीन मजल्यांचे जिने धापा टाकत चढून दारात हजर.

आजोबा म्हणजे माझे अप्पा, माझे वडील, शहाऐंशी वर्षांचे. मी एकुलती एक. नवरा गेला तेव्हा अप्पा माझ्याकडे आले की मी त्यांच्याकडे गेले, आता आठवत नाही. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात बोलतो ती मराठी कोल्हापूरच्या सुनेला सुरुवातीला अर्धी कळायची. "नको"ला आम्ही "होणा" म्हणतो, "सगळं"ला "अस्कं". लग्नाच्या पंगतीत तिने "अजून वाढू का" विचारलं, अप्पा म्हणाले "होणा", आणि तिने ताटात आणखी दोन जिलब्या टाकल्या. आता ती आमच्यासारखं बोलते आणि मी लिहिताना तिच्यासारखं लिहिते.

अप्पांचं काम काय होतं ते आधी सांगते, कारण सगळं रामायण त्यावरच आहे. इंग्लंडमधून बोटीने जाड, गुळगुळीत कागदांचे गठ्ठे छापखान्यात यायचे. त्यावर काळ्या शाईत छापलेली चित्रकथा. अप्पा त्यातले संवादांचे फुगे पांढऱ्या रंगाने भरायचे आणि वाळले की त्यात तमिळ अक्षरं लिहायचे. पण तिकडचं पान मोठं आणि आमचं पुस्तक खिशात मावेल एवढं, त्यामुळे चौकटी कापून नव्याने मांडाव्या लागायच्या. एखादी चौकट अरुंद पडली की तिचं पुढचं चित्र अप्पा स्वतः काढून लांबवायचे. कुठे समुद्र वाढव, कुठे भिंत वाढव. बायकांचे उघडे पाय दिसले की मुदलाळी, म्हणजे छापखान्याचे मालक, ओरडायचे. मग अप्पा पायांवर घोळदार झगा चढवायचे. एका चाच्याच्या बायकोला त्यांनी चक्क परकर नेसवला होता.

आणि शेवटचं काम सही. पानाच्या खालच्या कोपऱ्यात कधी कधी चित्रकाराची बारीक सही असायची. मुदलाळींचा हुकूम होता, की ती उडवायची. वाचणाऱ्याला चित्रं इथलीच वाटली पाहिजेत. बाकीचे लोक तिच्यावर पांढऱ्याचा एक फटकारा मारून मोकळे व्हायचे. अप्पा तसं करत नसत. ते ब्लेडने सहीचा तेवढाच तुकडा कापायचे, मागून कागदाचं ठिगळ लावायचे आणि ठिगळावर तुटलेल्या रेघा जुळवायचे. कापलेला तुकडा एका गोल बिस्किटाच्या डब्यात टाकायचे. का, म्हणून मी लहानपणी विचारलं होतं. म्हणाले, "रेघा ओढणाऱ्याचं नाव दुसऱ्या रेघा ओढणाऱ्याने पुसायचं नसतं, अम्मा. ठेवून द्यायचं." मला ते अम्माच म्हणतात, इथल्या बापांसारखं.

वर आणखी गंमत बघा. प्रत्येक तुकड्याच्या मागे अप्पांनी पेन्सिलीने पुस्तकाचा अंक आणि पान लिहून ठेवलेलं. लहानपणी ते मला नीटनेटकं वाटायचं. वकिलाच्या ऑफिसात लागल्यावर पहिल्यांदा जाणवलं, की हा माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला कबुलीजबाब आहे.

तर म्हातारा आला. उंच, वाकलेला, सँडलमध्ये पायमोजे. गळ्यात दोरीला भिंग. अप्पा आरामखुर्चीत होते. अप्पांचं इंग्रजी सगळं फुग्यांतलं, पुसता पुसता शिकलेलं. समोर खराखुरा इंग्रज बघून त्यांच्या तोंडून जे पहिलं निघालं ते म्हणजे, "हँड्स अप!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण म्हाताऱ्याने पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हात वर केले. ते हात पानासारखे थरथरत होते. मग दोघे जे हसले, ते अप्पांना खोकल्याची उबळ येईपर्यंत. सून माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. मी मात्र खाली पडलेली पिशवी बघत होते. तिच्यातून एक स्टीलची फूटपट्टी आणि एक वही बाहेर डोकावत होती.

फूटपट्टी कशाला लागते हो, शिळोप्याच्या गप्पांना?

कॉफी झाली. अप्पांनी कपाटातली त्यांची तमिळ पुस्तकं काढायला लावली, सदतीस उरलेली. म्हातारा एकेक उघडायचा, भिंग लावायचा आणि कुठे बघायचा? चेहऱ्यांकडे नाही, मारामारीकडे नाही. पानाच्या खालच्या कोपऱ्याकडे. मग चौकटींच्या कडांकडे. कडेला फूटपट्टी लावून मोजायचा, थरथरत्या हाताने वहीत काहीतरी खरडायचा आणि फोनवर फोटो काढायचा. अप्पा मला मराठीत म्हणाले, "बघ की, किती प्रेमाने बघतो!" मी मनात म्हटलं, पंचनामा असाच करतात अप्पा, फार प्रेमाने.

मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे जे कागद यायचे, त्यांवर कधी सही पाहिली होती का?"

अप्पांचं तोंड उघडलं. मी कपबश्या उचलण्याच्या निमित्ताने मध्ये घुसले आणि त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला, की ते "अय्यो" म्हणून गप्प बसले. "वय झालंय, आठवत नाही त्यांना," मी इंग्रजीत सांगितलं. टायपिस्टचं इंग्रजी माझं, त्यात एकही चूक सापडायची नाही.

अप्पांनी मान खाली घातली. मला त्यांचा रागही आला आणि कणवही आली. या माणसाने आयुष्यात कुणाची टाचणी घेतली नाही, आणि आता शहाऐंशीव्या वर्षी, धड दोन जिने उतरता येत नाहीत अशा वेळी, विलायतेतून नोटीस येणार? कापलेल्या सह्यांबद्दल? छापखाना बंद पडला, मुदलाळी वारले, कागद परवानगीने यायचे की कसे ते अप्पांना कधी कुणी सांगितलं नाही. धरायला उरले कोण? ज्यांच्या घरी डबा आहे ते! चोर सोडून संन्याशाला सुळी, हे मी ऑफिसात डोळ्यांनी बघितलंय.

त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला. येताना कधी केळी आणायचा, कधी शाईची बाटली. अप्पांना शाई! मी ती बाटली उजेडात धरून बघितली. सून म्हणाली, "आई, विष नाहीये त्यात." विश्वास गेला पानिपतात, असं तुमच्याच कोल्हापुरात म्हणतात ना, मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आमच्यात पाहुण्याला वडा देताना असं म्हणत नाहीत."

रविवारी रविवारी त्याने आपली कहाणी सांगितली. मी स्वयंपाकघराच्या दारात शेंगा सोलत ऐकायचे, खोट्याचं टोक कुठे हाती लागतंय का म्हणून. समुद्रकाठचं गाव, बाप गोदीत कामाला. पंधराव्या वर्षी लंडनमधल्या एका स्टुडिओत लागला. पहिली दोन वर्षं फक्त चौकटींच्या रेघा आखायच्या आणि जिथे फुली असेल तिथे काळी शाई भरायची. मग एकदा मोठा चित्रकार दारू पिऊन आला नाही म्हणून याने अख्खं पान काढलं, आणि तिथून सुरू झालं. लढाईच्या गोष्टी, फुटबॉलच्या गोष्टी, आणि अठरा वर्षं एका बोटीच्या कप्तानाची गोष्ट, आठवड्याला तीन पानं. आजारी असो, बाळंतपण असो, शुक्रवारी तीन पानं. लग्नाच्या दिवशी सकाळी सुद्धा तो एक बोट बुडवून मग चर्चमध्ये गेला होता.

"आणि नाव?" अप्पांनी विचारलं. म्हणजे त्यांनी म्हटलं "हू गोज देअर?", पण म्हाताऱ्याला कळलं.

नाव कुठेच नाही. त्या साप्ताहिकांत चित्रकाराचं नाव छापायची पद्धतच नव्हती. नाव झालं तर हा उद्या जास्त मागेल, दुसरीकडे जाईल, अशी मालकांना भीती. तो हट्टाने कोपऱ्यात सही करायचा आणि तिथला संपादक छापायच्या आधी पांढरा रंग लावून ती पुसायचा. मूळ चित्रं मालकाची. एकदा हा काम द्यायला गेला तेव्हा ऑफिसात नळ फुटला होता, आणि जमिनीवर पाणी टिपायला त्याचीच पानं पसरली होती. तो त्यांच्यावरूनच चालत टेबलापर्यंत गेला, कारण दुसरी वाट नव्हती. पुढे साप्ताहिकं बंद झाली. मग त्याने दारूच्या गुत्त्यांच्या पाट्या रंगवल्या, मग हात थरथरायला लागले.

"आणि आता," तो म्हणाला, "तिकडे काही लोक जुन्या कॉमिक्सची यादी करतायत, कुणी काय काढलं त्याची. कप्तानाच्या पुढे त्यांनी दुसऱ्याचंच नाव लिहिलंय. तो माणूस कधीच गेला. मी पत्र लिहिलं, तर म्हणाले, पुरावा दाखवा. सही असलेलं एखादं पान. माझ्याकडे एकही नाही. पण मला एकाने सांगितलं होतं, की परदेशी पाठवायचे कागद संपादकाने पुसण्याआधीच छापून घ्यायचे. मग माझी सही जगात कुठे असेल, तर इथे असेल."

आता कुणीही शहाणी बाई इथे विरघळली असती. माझा संशय पक्का झाला. सही आणि पुरावा हे दोन शब्द एका दमात बोलणारा माणूस मी तीस वर्षांत केससाठी सोडून दुसऱ्या कशासाठी आलेला बघितला नव्हता. आज यादी म्हणेल, उद्या डबा मिळाला की विचारेल, कापल्या कुणी? डब्यात अप्पांचं अक्षर आहेच उत्तर द्यायला.

तो गेल्यावर अप्पा म्हणाले, "अम्मा, डबा देऊ की त्याला. त्याचाच आहे."

"होणा," मी म्हटलं.

"तो मोजतो ते बघितलंस? मी वाढवलेली चित्रं बरोब्बर शोधून काढतो. नजर आहे माणसाला."

"म्हणूनच होणा!"

अप्पांनी पुन्हा विचारलं नाही. तो डबा माझ्या कपाटात साड्यांखाली होता. पण सून घरात, अप्पांची जीभ सैल, आणि रविवार काही थांबत नाही. मी अस्वस्थ झाले. एकदा डबा उघडून बघितलाही. नखाएवढे तुकडे, पिवळे पडलेले, शेकड्यांनी. प्रत्येकावर तीच सही, या म्हाताऱ्याच्या नावाची. शेवटचं अक्षर लांब ओढून वर वळवलेलं. मागे अप्पांचं बारीक तमिळ अक्षर. मी झाकण लावलं, आणि काय करायचं ते माझं ठरलं.

पोंगलच्या आदल्या दिवशी भोगी. इथे त्या दिवशी पहाटे घरातलं जुनं, तुटकं, नकोसं दारात जाळतात. हल्ली धुरासाठी पोलीस सांगत फिरतात, टायर जाळू नका, प्लॅस्टिक जाळू नका. कागद जाळू नका असं कुणी म्हणत नाही. अप्पांना धुराने दमा होतो, म्हणून भोगीला त्यांची खिडकी बंद आणि ते पांघरुणात. सून झोपलेली. मुलगा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघून गेलेला. मी एक फाटकी चटई घेतली, दोन जुन्या केरसुण्या घेतल्या, त्यांच्यात डबा गुंडाळला आणि खाली गेले.

खालच्या मजल्यावरच्या मामी तिथे जुन्या उशा जाळत होत्या. म्हणाल्या, "डबा कशाला टाकता, चांगला आहे." मी तुकडे तेवढे आगीत ओतले. नखाएवढा कागद, त्याला जळायला किती वेळ लागतो? काही वाऱ्याने वर गेले, शेजारच्या गच्चीच्याही वर. डबा मी घासूनपुसून त्यात जिरं भरून ठेवलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं मला. खरं सांगते, दुसऱ्या सकाळी पोंगलचा गोड भात करताना मी गुणगुणत होते.

पोंगलच्या तिसऱ्या दिवशी माणसं एकमेकांकडे भेटायला जातात. तो आला. या खेपेला पिशवी नव्हती. लेकीने दिलेला मिठाईचा पुडा होता, आणि अंगात नवा शर्ट, घडीच्या खुणा तशाच. सुनेने वडे वाढले. तो अप्पांशेजारी बसला, आणि अप्पांनी माझ्याकडे न बघता, अगदी शांतपणे सांगितलं, "अम्मा, डबा आण."

सून म्हणाली, "कसला डबा?"

"अस्कं सांगितलंय मी त्याला," अप्पा म्हणाले. "फोनवर. नातसुनेच्या फोनवरून, तू देवळात गेली होतीस तेव्हा. म्हटलं, आय हॅव द ट्रेझर."

मी खोटं तयार ठेवलं होतं. चेन्नईत मोठा पूर येऊन गेल्यापासून ते सगळ्यांचंच तयार असतं. "डबा पुरात गेला," मी म्हटलं.

"तिसऱ्या मजल्यावर पूर?" अप्पा म्हणाले.

समोर तो म्हातारा बसला होता, हातातल्या वड्याचा चुरा नव्या शर्टावर पडत होता, आणि तो माझ्याकडे असा बघत होता, जसा आमच्या ऑफिसात निकाल ऐकायला आलेला पक्षकार बघतो. मी त्या नजरा तीस वर्षं बघितल्या होत्या, पण दुसऱ्या बाजूने.

"जाळला," मी मराठीत म्हटलं. "भोगीला."

"अस्कं?"

"अस्कं."

सुनेच्या हातातलं भांडं तिथेच राहिलं. अप्पा ओरडले असते, तर मीही ओरडले असते, तुमच्यासाठीच केलं म्हणून. ते नुसते आपल्या हातांकडे बघत राहिले. इंग्रजीत सांगायचं मलाच होतं. मी त्याला सांगितलं. डब्यात तुमच्या सह्या होत्या, शेकड्यांनी, माझ्या वडिलांनी जपलेल्या. तुम्ही त्यांना कोर्टात ओढाल असं मला वाटलं. मी त्या जाळल्या. बिनचूक इंग्रजी होतं माझं, आणि मला लाज वाटली त्या बिनचूकपणाची.

तो म्हणाला, "म्हणजे, होत्या."

एवढंच. दोनदा म्हणाला. मग खिशातून रुमाल काढून शर्टावरचा चुरा टिपायला लागला, आणि तो काही टिपला जाईना. मी रडले. सुनेसमोर, परक्या माणसासमोर, पदर तोंडाला लावून रडले. मला वाटत होतं, की आता हा उठून जाईल. जावंच त्याने, असंही वाटत होतं.

अप्पा उठले. कपाटातून त्यांचा बारीक कुंचला आणला, त्याने दिलेली शाईची बाटली उघडली. कप्तानाच्या पुस्तकातलं एक पान काढलं, जिथे खालच्या कोपऱ्यात त्यांनी ठिगळावर जुळवलेल्या रेघा छापल्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवला. एरवी या माणसाला कॉफीचा पेला धरता येत नाही, सांडतो. पण कुंचला कागदाला टेकला आणि एका दमात सही उतरली, शेवटचं अक्षर लांब ओढून वर वळवलेलं. इतकी वर्षं कापली होती ना, प्रत्येक वळण ब्लेडने फिरून पाठ झालेलं.

म्हाताऱ्याने भिंग लावलं. मग स्वतःचा थरथरता हात वर करून अप्पांना दाखवला आणि मान हलवली. हा हात आता हे करू शकत नाही, असं.

माझ्यातली टायपिस्ट काही मेली नव्हती. दुसऱ्याची सही करणं म्हणजे काय, कुठलं कलम, सगळं डोक्यात आपोआप टाईप झालं. त्या यादीवाल्यांना ही सही चालणार नाही, हेही मला कळत होतं आणि त्यालाही. खरी होती ती मी जाळली, आणि हे कशाने भरून येणार नाही. पण मी पुढची पुस्तकं आणून दिली. अप्पा एकेका ठिगळावर सही परत ठेवत गेले, आणि तो फुंकर घालून वाळवत गेला.

सातव्या की आठव्या पुस्तकात त्याने अप्पांचा हात धरला. एका चौकटीत बोट होती, आणि उजवीकडे समुद्र. त्याने फूटपट्टी मागितली. चौकटीच्या मध्यावर ठेवून म्हणाला, "इथपर्यंत मी. इथून पुढे मी नाही. कधीपासून शोधतोय, ह्या लाटा कुणाच्या? माझ्यापेक्षा बऱ्या आहेत."

अप्पांना वाटलं, तो रागावलाय. "सॉरी सर," ते म्हणाले. "जागा कमी पडत होती."

म्हणजे दर रविवारी तो मोजत होता ते हे. मी पंचनामा समजत होते, आणि हा माझ्या बापाला शोधत होता.

त्याने लाटांच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि कुंचला अप्पांकडे सरकवला. अप्पांना काही कळेना. मी सांगितलं, "अप्पा, तुमची सही करा म्हणतात."

"माझी?" ते म्हणाले. "माझी कशाला?" मग कुंचला बुडवला, कागदापाशी नेला आणि थांबले. माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "कुठली करू की अम्मा? बँकेतली?"

हजारो सह्या मी जन्मात तपासल्या, साक्षीदार म्हणून खाली माझी ठोकली. माझ्या बापाची सही कशी, ते मला सांगता येईना. "बँकेतली होणा अप्पा," मी म्हटलं. "दुसरी कुठली तरी करा."

शाई वाळली. त्यांनी पुन्हा बुडवली. शेवटी त्यांनी फुग्यात लिहायचे तसल्या तमिळ अक्षरांत आपलं नाव लिहिलं, लाटेच्या खाली, इतकं बारीक, की बघायला भिंग लागलं. म्हाताऱ्याने बघितलं, मग सुनेने, मग माझी पाळी आली.

अप्पांनी पुस्तक वाळेपर्यंत उघडं धरलं, मग मिटून माझ्या हातात दिलं. गॅस बंद कर म्हणतात तशा आवाजात म्हणाले, "हे तरी जाळू नको, अम्मा."